‘स्टॉक नाही’: राजारामपुरीतल्या एका काउंटरवरचं प्रकरण

राजारामपुरीतल्या एका मेडिकलच्या मालकांना दुकानातली मुलगी लबाड असल्याचा संशय आला. तिथून हे प्रकरण माझ्याकडे आलं. संध्याकाळच्या गर्दीत ती काही गिऱ्हाइकांना ‘स्टॉक नाही’ म्हणून परत पाठवायची आणि महिनाअखेरीला माल मोजताना तीच औषधं रॅकवर सापडायची. समोरच्या दुकानदाराशी हिचं साटंलोटं आहे की काय, इथपर्यंत मालकांचा विचार गेला होता. त्यातच मेथोट्रेक्सेट ह्या औषधाची घटना घडली. मालकांनी तिला काउंटरवरून उठवलं आणि मागच्या खोलीत एक्स्पायरी तपासायला बसवलं. त्यांच्या पत्नी शाळेत शिकवतात. ही पोरगी खोटारडी नाही, ती बोलणं टाळते आहे, हे पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला फोन केला.

मी कोल्हापुरात वाचा-भाषा उपचाराचं काम करते. ही मुलगी बोलताना अडखळते. हे टिपण तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि तिचं नाव देत नाही. ते ‘प’ने सुरू होतं एवढं मात्र सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

मेथोट्रेक्सेटची घटना

संधिवाताच्या एका आजींना डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं होतं. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात, प्रसंगी जिवावर बेततं. फार्मसी शिकलेल्या कुणालाही हे पाठ असतं, तसं हिलाही होतं. तिने स्ट्रिपवर पेनाने ठळक लिहिलं: ‘आठवड्यातून १, सोमवारी’. खाली दोन रेघा ओढल्या. पिशवी देताना त्या अक्षरांवर बोट ठेवून दाखवलं. आजींनी मान हलवली.

आजींना वाचता येत नव्हतं. सलग तीन दिवस त्यांनी रोज एक गोळी घेतली. चौथ्या दिवशी सुनेने स्ट्रिप पाहिली आणि डॉक्टरांना फोन केला. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सुदैवाने काही बिघडलेलं नव्हतं. पण आजींचा मुलगा दुकानात येऊन नको नको ते बोलून गेला. तो गेल्यावर मालकांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, ‘तोंडानं सांगायला काय झालं हुतं तुला?’ त्याचं उत्तरही तोंडानेच द्यायचं होतं. ती गप्प राहिली आणि सगळ्यांनी ती कबुली धरली.

ह्या घटनेबद्दलचं माझं मत मी मालकांना पहिल्याच भेटीत सांगितलं. ‘आठवड्यातून’ म्हणताना ही मुलगी अर्धा मिनिट अडखळली असती, तरी आजींना व्यवस्थित समजलं असतं. अडखळण्याने कुणाचा जीव धोक्यात आला नाही. आपण अडखळताना कुणाला दिसू नये म्हणून तिने जी धडपड केली, त्या धडपडीने तो आला. आणि ही धडपड तिला कुणी शिकवली असं विचाराल तर घर, शाळा, कॉलेज, दुकान आणि काउंटरच्या अलीकडे उभे राहणारे आपण, सगळ्यांचा त्यात हात आहे.

लपवण्याची रीत

मुलगी तेवीस वर्षांची. गाव कागल तालुक्यातलं. घरी ऊस, चार म्हशी, वडील दोन्ही वेळेला डेअरीला दूध घालतात. बारावीनंतर तिने डी. फार्म. केलं. लेखी पेपरात कायम पुढे, तोंडी परीक्षेत जेमतेम पास. बाहेरून आलेल्या परीक्षकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत असलं तरी ती ‘माहीत नाही, सर’ म्हणायची. ‘म’ तिला कधी अडला नाही.

रोजच्या बोलण्यात ती शब्द बदलते. ‘पाणी’ अडणार असं वाटलं की ‘तहान लागली’ म्हणते. ‘परवा’ अडणार असेल तर वाराचं नाव घेते. कुणाला हाक मारण्याऐवजी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. वाक्य तोंडातून निघण्याआधी पुढचे दोन-तीन शब्द चाचपून, धोक्याचा शब्द गाळून, तिथे दुसरा बसवून झालेला असतो आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दिवसभर हे करून माणूस किती थकत असेल ह्याची कल्पना मलाही इतक्या वर्षांनी पूर्ण येत नाही. एसटीत कंडक्टरने ‘कुठं?’ विचारलं की ती आपल्या गावाचं नाव न घेता पुढच्या थांब्याचं तिकीट काढते, कारण पुढच्या गावाचं नाव ‘स’ने सुरू होतं. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून त्यातला तोटा निम्मा झाला, असं ती मला म्हणाली.

स्वतःचं नाव मात्र बदलता येत नाही. अडखळणाऱ्या बहुतेकांना स्वतःचं नाव सगळ्यात जड जातं, त्याचं हे एक मोठं कारण आहे. कॉलेजात नाव विचारलं की ही ओळखपत्र पुढे करायची.

औषधांचीही तीच गत. पॅन्टोप्राझोलला दुसरा शब्द नाही, टेल्मिसार्टनला नाही. चिठ्ठी वाचून औषध हातात ठेवायचं असेल तोवर ठीक. पण त्या दुकानात वरचे रॅक आणि मागची खोली एका मुलाकडे आहेत. तो शिडीवर असतो आणि काउंटरवरून त्याला ओरडून सांगावं लागतं, ‘पॅन्टोप्राझोल चाळीस, दोन स्ट्रिप!’ दुपारी दुकान मोकळं असलं की ती स्वतः मागे जाऊन औषध आणायची. सात ते नऊ, आसपासचे दवाखाने भरलेले असताना, काउंटर सोडता येत नाही. मग समोर पाच माणसं उभी असताना ‘प’वर ओठ चिकटून बसणार हे दिसलं, की तिच्या तोंडून ‘स्टॉक नाही’ निघून जायचं. मी दुकानात बसून रॅक पाहिले. परत पाठवलेली औषधं बहुतेक सगळी ‘प’, ‘ट’, ‘ब’ आणि ‘क’ची होती आणि सगळी त्या मुलाच्या ताब्यातल्या रॅकवर होती. साटंलोटं असतं तर महागाची औषधं आधी गेली असती. मालकांना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ रॅककडे बघत राहिले.

फोनचं तर विचारूच नका. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर विचारून घेणं हे फार्मासिस्टचं कामच आहे. ही मात्र चिठ्ठीचा फोटो मैत्रिणींना पाठवून अंदाज घ्यायची किंवा गिऱ्हाइकालाच परत डॉक्टरांकडे पाठवायची.

आता मालकांच्या बाजूने बघा. पोरगी नजर देत नाही, विचारलं तर उत्तराला उशीर लावते, असलेला माल नाही म्हणते, चूक झाली तर तोंडातून ब्र काढत नाही. ‘मॅडम, मला वाटलं एकतर पोरगी मठ्ठ हाय, न्हाईतर लबाड,’ ते म्हणाले. प्रामाणिकपणे म्हणाले. आपल्याकडे पटकन उत्तर देणारा हुशार आणि चाचरणारा गुन्हेगार असं समीकरण लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. शाळेत, पोलीस चौकीत, बँकेत, लग्नाच्या बोलणीत, सगळीकडे तेच लावलं जातं. तिसरंही काही असू शकतं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तपासणी

पहिल्या भेटीत गप्पा मारताना ती जवळजवळ अडखळलीच नाही. अशा वेळी घाईचा निदानकर्ता ‘सौम्य आहे, आत्मविश्वास वाढवा’ असं लिहून मोकळा होतो. मी तिला एक उतारा मोठ्याने वाचायला दिला. वाचताना शब्द बदलायची वाट बंद होते.

‘पंचगंगा’ ह्या शब्दाशी ती थांबली. ओठ घट्ट मिटले, पांढरे पडले. आवाज अजिबात नाही. हनुवटी थोडी खाली गेली, उजव्या पायाचा अंगठा चपलेत रुतला, नजर कागदावरून सुटून जमिनीवर गेली. मग धक्का बसल्यासारखा सगळा शब्द एकदम बाहेर पडला आणि पुढचं वाक्य तिने धावत संपवलं, म्हणजे पुढच्या अडथळ्याला वेळच मिळू नये. अडखळण्याचे तीन प्रकार असतात: अक्षर पुन्हा पुन्हा येणं, स्वर ताणला जाणं आणि आवाज पुरता कोंडणं. लोकांना पहिला प्रकार ओळखू येतो, सिनेमात तोच दाखवतात. हिचा तिसरा आहे. म्हणूनच तो अडखळणं वाटत नाही; उत्तर येत नाही किंवा द्यायचं नाही असं वाटतं.

तीव्रता मोजायला आम्ही एसएसआय-४ ही चाचणी वापरतो. तीत ती मध्यम गटात आली. अडखळण्याचा जगण्यावर किती भार पडतो हे बघणारी ओएसेस नावाची प्रश्नावली वेगळी असते. तीत तिचा गट होता ‘तीव्र’. ह्या दोन निकालांतलं अंतर म्हणजे ह्या मुलीचं सगळं प्रकरण. शरम कानाला ऐकू येत नाही, त्यामुळे ती लोकांच्या हिशेबातच येत नाही.

घरचं सांगणं

आई आणि आजी दोघी येऊन बसल्या. अडखळणं सुरू झाल्यापासून काय काय केलं ते त्यांनी सांगितलं. वेखंड उगाळून चाटवलं. अक्कलकरा चघळायला दिला. शंखात रात्रभर ठेवलेलं पाणी पाजलं. पोपटाने चोच मारलेला पेरू शोधून आणला. कुणीतरी जिभेखालचा पडदा कापून घ्यायलाही सांगितलं होतं, नशिबाने ते राहिलं. ह्या माउलींनी माया कमी केली नाही, हे मी मुद्दाम लिहिते. पण त्या प्रत्येक उपायाबरोबर मुलीला एकच गोष्ट कळत गेली, की आपल्या तोंडात काहीतरी वाईट आहे आणि ते जायलाच हवं.

जिभेत दोष नाही. बोलण्याच्या हालचालींची वेळ जुळवणाऱ्या मेंदूतल्या जाळ्यांची रचना आणि काम अडखळणाऱ्यांमध्ये थोडं वेगळं असतं, हे मेंदूच्या प्रतिमा घेऊन झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे. भीतीने अडखळणं वाढतं, पण भीतीने ते सुरू होत नाही. बुद्धीशी तर त्याचा काडीचा संबंध नाही. साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात ते सुरू होतं, शंभरातल्या पाचेक मुलांना होतं आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांश मुलांचं आपोआप थांबतं. मोठ्यांमध्ये प्रमाण सुमारे १ टक्का उरतं. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. म्हणजे एका आपल्या जिल्ह्यात तीस-चाळीस हजार माणसं. मुलींचं मुलांपेक्षा जास्त थांबतं, त्यामुळे मोठेपणी चार पुरुषांमागे एखादी बाई असं प्रमाण पडतं. ह्या मुलीने आयुष्यात दुसरी अडखळणारी बाई पाहिलेली नव्हती.

‘पण मॅडम, चैत्रात जोतिबाला गेल्यावर ही न अडखळता ‘चांगभलं’ म्हणती की!’ आजी म्हणाल्या. ‘म्हंजी मनात आणलं तर येतंय.’ हा समज मी फार ऐकते आणि तो फार त्रास देतो. जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, सासनकाठ्या नाचत असताना, गुलालात हजारो माणसांबरोबर एका सुरात ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणताना जवळजवळ कुणीच अडखळत नाही. आरतीतही नाही, गाण्यातही नाही. दुसऱ्यांबरोबर एकसाथ बोलताना अडखळणं जवळपास नाहीसं होतं, ही जगभर नोंदलेली गोष्ट आहे. बोलण्याची वेळ बाहेरून मिळते, आतल्या यंत्रणेवर ती जुळवायचा भार राहत नाही. एकट्याने ‘एक तिकीट द्या’ म्हणताना ही सोय नसते. मनात आणण्याचा प्रश्न असता तर तेवीस वर्षांत तिने आणलं नसतं का?

मग आजींनी खरं कारण म्हणून एक गोष्ट सांगितली. मुलीचे चुलते, तात्या, हेही अडखळतात. लहानपणी ही त्यांची नक्कल करायची आणि म्हणून तिलाही ते लागलं. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. आपण तात्यांना चिडवलं त्याची ही शिक्षा, असं ती मनात धरून होती. त्यामुळे तात्यांसमोर ती कधी मोकळी बसली नाही आणि तात्याही तिच्याशी कमीच बोलले. एका घरात दोन अडखळणारी माणसं, आणि दोघांनी त्यावर एक शब्द काढलेला नाही.

नक्कल केल्याने अडखळणं लागत नाही. ते घराण्यात चालतं. २०१० साली अमेरिकेत डेनिस ड्रेना यांच्या गटाने अडखळण्याशी जोडलेले जनुकीय बदल प्रसिद्ध केले. त्यांतल्या जीएनपीटीएबी ह्या जनुकाचा माग पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबात लागला होता. असे बदल थोड्याच लोकांत सापडतात, पण घराण्याचा धागा खरा आहे. मी एवढंच सांगितलं, ‘तुझं आणि तात्यांचं एकाच घरातून आलंय. तू चोरून आणलेलं नाहीस.’ त्यानंतर ती रडली. तिच्या आईला वाटलं मी काहीतरी लागट बोलले.

शिक्क्याचा प्रश्न

पुढच्या भेटीला मामा आले, त्यांनी एक कागद काढला. दिव्यांगाचा दाखला काढायचा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या औषध निर्माण अधिकारी भरतीत आरक्षण मिळेल. वडील ताडकन उठले. ‘माज्या पोरीवर अपंगाचा शिक्का मारायचा न्हाई. उद्या पावणं येणार हैत.’ दोघांचं तिथेच जुंपलं. ती मधे बसली होती, तिला कुणी विचारलं नाही. शेवटी तिनेच मला विचारलं, ‘मॅडम, मी अपंग आहे का?’

आधी कायदा. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यात वाचेचं नाव नव्हतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने ते एकवीस केले आणि ‘वाचा व भाषा दिव्यांगता’ यादीत आली. पण तिची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणं किंवा मेंदूला इजा होऊन वाचा जाणं अशा कारणांनी आलेल्या कायमच्या दिव्यांगतेभोवती बांधलेली आहे. अडखळण्याचा त्यात उल्लेख नाही. शिवाय कलम ३४खाली सरकारी नोकऱ्यांत जे चार टक्के आरक्षण आहे, त्यातल्या गटांमध्ये वाचा-भाषा दिव्यांगता धरलेलीच नाही. म्हणजे मामांना वाटत होतं ते आरक्षण दाखला मिळाला तरी मिळालं नसतं. मामा नाराज झाले, पण चार चकरा आणि खोटी आशा वाचली.

त्याच कायद्यात एक जागा मात्र मला फार मोलाची वाटते. दिव्यांग व्यक्ती कोण हे सांगताना कायदा नुसत्या शरीरातल्या कमतरतेवर थांबत नाही. दीर्घकाळची कमतरता आणि समाजातले अडथळे एकमेकांना भिडतात आणि त्यातून माणसाचा बरोबरीचा सहभाग अडतो, असं तिथे म्हटलं आहे. मी तिला हेच समजावलं. शिडीवरचा मुलगा ‘काय? काय?’ करत खेकसतो, मागचा गिऱ्हाईक ‘चला की लवकर’ म्हणतो, रिसेप्शनिस्ट फोन ठेवते, हा भाग तिच्या तोंडात नाही. म्हणून ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात मी सांगितलं नाही. स्वतःला दिव्यांग म्हणवून घ्यायचं की नाही हे तिने ठरवायचं. पण वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरच्याने थांबावं हे मागायला तिला कोणताही दाखला लागत नाही.

वडिलांच्या बोलण्याने मला वाईट वाटलं, तेही लिहून ठेवते. ‘अपंग’ हा शब्द त्यांच्या दृष्टीने शिवीच होता. ‘हिला काय झालंय, धडधाकट हाय’ म्हणत त्यांनी मुलीचा त्रास इतकी वर्षं नाकारला होता. काहीच नाही म्हणणारे आणि मठ्ठ म्हणणारे, दोघांच्याही जगात ह्या मुलीला खरं बोलायला जागा नव्हती.

काम

अडखळणं बंद करू असं वचन मी देत नाही. मोठ्या माणसाचं अडखळणं कायमचं घालवणारं औषध नाही आणि तसं सांगणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा असं मी प्रत्येकाला सांगते. आमचं काम तीन गोष्टींचं होतं: बघणं, दाखवणं आणि सोडवून घेणं.

बघणं म्हणजे मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ. सुरुवातीला ती डोळ्यांवर हात ठेवायची. हळूहळू ती सांगू लागली: इथे ओठ दाबले, इथे श्वास धरला, इथे पाय रुतला. हा पाय शब्द सोडवायला काही मदत करत नाही हे तिला व्हिडिओतच दिसलं.

दाखवणं जास्त कठीण होतं. मुद्दाम अडखळायचं. हे तंत्र चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या पद्धतीतलं आहे. ते स्वतः अडखळायचे आणि विसाव्या शतकात अमेरिकेत ह्या क्षेत्राची पायाभरणी करणाऱ्यांपैकी ते एक होते. आम्ही रंकाळ्यावर गेलो. भेळेच्या गाडीसमोर आधी मी बोलले, ‘दो... दो... दोन भ... भेळ द्या.’ ती माझ्या मागे दगडासारखी उभी. भेळवाल्याने कढईतून मान वर केली आणि विचारलं, ‘तिखट का मध्यम?’ झालं. पुढच्या गाडीवर तिने मागितली. ‘प्लेट’च्या ‘प’वर ती मुद्दाम थांबली आणि तो मुद्दामचा अडथळा मधेच खरा झाला. मी तिच्याकडे बघत होते: पाय रुतला नाही आणि नजर भेळवाल्यावरून हलली नाही. शब्द आला. भेळवाल्याने चिंचेचं पाणी जास्त हवं का विचारलं.

सोडवून घेणं म्हणजे अडकलेल्या शब्दातून धक्का न देता बाहेर येणं. ओठ मिटलेच, तर आणखी दाबायचे नाहीत. ते तसेच आहेत हे जाणवू द्यायचं, जोर कमी करायचा आणि शब्द लांबवत सोडायचा. आम्ही औषधांच्या नावांवरच सराव केला. पॅन्टोप्राझोल, पॅरासिटामॉल, टेल्मिसार्टन, ग्लिमेपिराइड. ह्या मुलीला ही नावं माझ्यापेक्षा दसपट चांगली माहीत होती, उच्चारही अचूक होते.

मग एक वाक्य तयार केलं, गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकायचं. तिचा पहिला मसुदा होता, ‘सॉरी हं, मला जरा प्रॉब्लेम आहे.’ ते आम्ही खोडलं. शेवटी ठरलं: ‘मी बोलताना अडखळते. जरा वेळ लागेल, पण औषध कसं घ्यायचं ते मी सांगणार आहे.’ ह्यातलं ‘सांगणार आहे’ तिने घातलं.

दुकान

मालकांबरोबर स्वतंत्र बैठक झाली. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘घाबरू नको’ हे तिन्ही बंद. तिचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही. मालकांची भीती धंद्याची होती: लोक समोरच्या दुकानात जातील. मी गर्दीच्या वेळी एका बाजूला उभी राहून पाहिलं. पैसे देताना गिऱ्हाईक मोबाइलवर पेमेंटचं ॲप उघडतं, पिन विसरतं, नेट शोधतं, तेवढा वेळही ती कुठल्याच शब्दावर अडकत नाही. त्या वेळेबद्दल कुणी तक्रार करत नाही.

एक नियम मात्र सगळ्या दुकानासाठी झाला. मेथोट्रेक्सेटसारखं धोक्याचं औषध देताना नुसतं लिहून किंवा सांगून भागवायचं नाही. ‘आजी, कवा घ्यायची सांगा बघू?’ असं विचारून त्यांच्याकडून वदवून घ्यायचं. हे तिनेच सुचवलं. न अडखळणारी पोरं सूचना घडाघडा म्हणून टाकतात आणि त्यातलं किती पोचलं हे कुणी तपासत नाही. मालकांना हे पटलं, कारण तिच्या चुकीच्या निमित्ताने दुसऱ्यांच्याही चुका दिसायला लागल्या.

शिडीवरचा मुलगा अजून कधी कधी तिच्यासारखं बोलून दाखवतो. त्याला दोनदा समज दिली आहे.

आजची स्थिती

मध्यंतरी तिच्या आईने मला रागाने फोन केला. ‘मॅडम, आधी जरा तरी बरी बोलत हुती. आता घरात, दारात, पावण्यारावळ्यांत समदीकडं अडखळाय लागलीया.’ खरं आहे. शब्द बदलणं तिने सोडलं, त्यामुळे कानाला अडखळणं जास्त येतं. एसएसआयचा आकडा फारसा हललेला नाही. ओएसेसवर मात्र ती ‘तीव्र’मधून ‘मध्यम’वर आली आहे. आईला हे आकडे कशाला सांगू? मी विचारलं, जेवताना ती पूर्वी किती बोलायची? आई जरा थांबल्या. ‘बोलतच नव्हती. आता दुकानातलं सांगत बसती रोज,’ म्हणाल्या.

बघायला पाहुणे येऊन गेले. घरच्यांचा बेत होता की तिने पोहे ठेवून आत निघून जायचं. ती बसली, आणि आपण अडखळतो हे तिनेच सांगितलं. त्या घराकडून निरोप आलेला नाही. वडील चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तात्यांनी मात्र वडिलांना बाजूला घेऊन काहीतरी सुनावलं. काय ते तिलाही माहीत नाही. एसटीचं तिकीट आता ती आपल्याच गावाचं काढते.

फोनचं काम बाकी आहे. तिचा आवाज कोंडला की पलीकडच्याला वाटतं रेंज गेली, आणि तो फोन ठेवतो. म्हणून उचलल्या उचलल्या ‘हॅलो, मेडिकलमधनं फार्मासिस्ट बोलतेय’ हे सुरुवातीचं वाक्य न थांबता म्हणता येईल असं बसवतो आहोत. दोन दवाखान्यांच्या रिसेप्शनवर मी स्वतः सांगून ठेवलं आहे. बाकीच्यांना तिने सांगायचं आहे. जिल्हा परिषदेची भरती निघाली की ती फॉर्म भरणार आहे. तिथे लेखी परीक्षा असते आणि लेखीची भीती तिला कधीच नव्हती.

पुढच्या महिन्यापासून तिची संध्याकाळची पाळी परत सुरू होते आहे. मालकांनी अट घातली, काही झालं तरी ‘स्टॉक नाही’ म्हणायचं नाही. तिने ती मान्य केली आणि आपलीही एक अट ठेवली: ती औषधाचं नाव सांगत असताना शिडीवरच्या मुलाने रॅककडे तोंड करायचं नाही, नाव पुरतं होईपर्यंत तिच्याकडे बघायचं. मालकांनी त्या मुलाला तिच्यासमोर बोलावलं आणि हे त्याच्याकडून वदवून घेतलं.